कोरड्या आवाजाचे काका

काकांनी एखाद्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक केली नाही, तर ती वस्तू त्यांना दिसलीच नाही असं समजावं. आमच्या दारावरही ते टकटक करत, पण आम्ही दार उघडावं म्हणून नव्हे. मी घाईघाईनं दार उघडायची तेव्हा त्यांचा कान अजून फळीलाच लागलेला असायचा.

"हे दार पोकळ आहे, ताई," पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले. "मीच बसवून घेतलंय. दुकानदारानं फसवलं मला."

घरमालकाची आणि माझी ओळख झाली ती अशी. मी नुसती मान हलवली. मला नव्या माणसाशी बोलायला जमत नाही, आणि हे तर मालक. पण माझ्या न बोलण्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते पुढे जाऊन पाण्याच्या टाकीवर टकटक करत उभे राहिले.

एकदा माझा मुलगा आम्हां दोघांना किराणा आणायला इंडियन स्टोअरमध्ये घेऊन गेला. तिथं पोळपाटांची चळत होती. काका एकेक पोळपाट उचलून वाजवू लागले. दुकानाचा मालक शेवटी काउंटर सोडून आला आणि म्हणाला, "अंकल, कौनसा दूँ?"

"घ्यायचा नाहीये," काका म्हणाले. "यातला हा एक फार चांगला वाजतोय, तेवढं तुम्हाला सांगायचं होतं."

मुलाला लाज वाटली. मला हसू आलं, ते मी पदरात लपवलं.

ही चँडलरची गोष्ट. ॲरिझोनात वाळवंट तोडून वसवलेलं गाव. मुलाला तिथं चिप बनवण्याच्या कंपनीत नोकरी लागली, नात झाली, आणि तिला सांभाळायला त्यांनी मला साताऱ्याहून बोलावून घेतलं. काकांच्या घराच्या मागं, त्याच आवारात दोन खोल्यांचं वेगळं छोटं घर होतं, ते मुलानं भाड्यानं घेतलं होतं. काका पुण्यात शिकलेले, तरुणपणीच अमेरिकेत आलेले. तीसेक वर्षं तेही चिपच्याच धंद्यात इंजिनिअर होते. बायको वारली, मुलगी लग्न होऊन दूर न्यू जर्सीत पिस्कॅटवेला गेली. मग रिटायर झाल्यावर या माणसानं गॅरेजमधली चांगली गाडी उन्हात काढून ठेवली आणि आत गिटारी बनवायला सुरुवात केली.

त्याही साध्या गिटारी नाहीत. स्पेन देशात टाचा आपटून नाचतात, त्याला फ्लामेंको म्हणतात. त्या नाचाबरोबर वाजते ती गिटार.

"काका, पण फ्लामेंकोच का?" मुलानं एकदा विचारलं. "करायचंच तर सतार करायची."

"अरे, तीस वर्षं मी जे बनवलं ते डोळ्याला दिसलं नाही आणि कानाला ऐकू आलं नाही," काका म्हणाले. "पांढरा सूट घालायचा, तोंड बांधायचं, शिंकलं तरी मॅनेजर धावत यायचा. आता मला भरपूर धूळ करायची आहे आणि भरपूर आवाज करायचा आहे. सतार रेंगाळते. मला रेंगाळणारं काही नको. सूर आला पाहिजे आणि लगेच गेला पाहिजे. गेला नाही, तर तो सूर नाही, बिनबोलावलेला पाहुणा आहे."

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही.

काकांची आणि माझी खरी ओळख साड्यांमुळं झाली. सून माझ्या साड्या ड्रायरमध्ये टाकायची. चांगल्या सुती साड्या त्यातून निघायच्या त्या पापडासारख्या चुरगळलेल्या आणि आखडलेल्या. बाहेर उन्हात वाळत घालाव्यात, तर तिथल्या सोसायटीचा नियम, कपडे बाहेर दिसता कामा नयेत. एवढं कडकडीत ऊन वाया जाताना बघून माझा जीव तुटायचा. एक दिवस मी न राहवून मागच्या कुंपणाच्या आतल्या बाजूला एक साडी टाकली. अर्ध्या तासात सोसायटीची एक बाई काकांच्या दारात. ती गेल्यावर काका माझ्याकडं आले. मला वाटलं, आता घर खाली करायला सांगतात.

ते साडीकडं बघत होते. त्यांनी पदर चिमटीत धरला आणि विचारलं, "ही किती वेळ ओली राहते?"

मी म्हटलं, "इथं? पिळून टाकली की लगेच वाळते."

"न पिळता टाकली तर?"

त्याच दुपारी त्यांनी गॅरेजमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या. त्या दिवसापासून माझ्या साड्या त्यांच्या कारखान्यात वाळू लागल्या. त्याचं कारण त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. गिटारीचं लाकूड इतकं पातळ असतं की हवा कोरडी झाली की ते आकसतं आणि चिरतं, आणि दमट झाली की फुगतं. वाळवंटातली हवा तर लाकडाच्या अंगातलं पाणी शोषूनच घेते. हवा ओलसर ठेवायचं एक मशीन त्यांनी आणलं होतं, पण ते सारखं फुसफुसायचं. त्या फुसफुसण्यात काकांना लाकडाची टकटक ऐकू येईना, म्हणून त्यांनी ते बंद करून टाकलं होतं. साडीचा आवाज होत नाही.

भिंतीवर त्यांनी एक पट्टी टांगली होती. दोन जातींच्या लाकडाच्या चिंचोळ्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या. हवा कोरडी झाली की पट्टी एकीकडं वाकायची, ओलसर झाली की दुसरीकडं. सकाळी मी बादली घेऊन गेले की काका आधी पट्टीकडं बघत आणि मग माझ्याकडं.

"आज दोन आणि एक पंचा. पंचा पिळून."

किंवा, "आज साडी नको. तुमचा कुकर झालाय ना? त्याच्या वाफेनंच पट्टी हलली बघा."

कुकर आमच्या घरात, गॅरेज त्यांच्या घरात, मध्ये सगळं अंगण. पण मी वाद घातला नाही.

नात झोपली की मी साड्या उलटायला जायची आणि दाराशी थोडा वेळ उभी राहायची. हळूहळू तो थोडा वेळ वाढत गेला. काका हाताला काम असलं की आपल्याशीच बोलत, आणि मी ऐकत असे. फ्लामेंकोच्या गिटारीला मागं आणि बाजूला सायप्रसचं लाकूड लावतात. पिवळट, हलकं, कापताना मसाल्याच्या डब्यासारखा वास येणारं. दुसऱ्या गिटारींना, ज्या बैठकीत बसून वाजवतात, त्यांना आपल्या देशातली शिसवी लावतात. शिसवी जड, तिच्यात सूर घुमत राहतो.

"सगळी दुनिया आपली शिसवी मागवते," काका म्हणायचे, "आणि हा पुण्याचा माणूस तिला हात लावत नाही. का? तर तिकडचे वाजवणारे गरीब होते. शिसवी परवडेना, म्हणून कुंपणापलीकडचं सायप्रस घेतलं. आणि नेमकं तेच कामाला आलं. पुढं टाचा दणदण वाजतायत, गाणारा गळा फाडून गातोय, त्यात घुमणारा सूर कोणाला ऐकू येणार? तिथं पाहिजे फटकन लागणारा आणि फटकन संपणारा. म्हणून पेटी उथळ, लाकूड पातळ, सगळं अंग हलकं. उचलली तर वाटलं पाहिजे, अरे, आत काही आहे की नाही?"

सायप्रसच्या पट्ट्या ते पाण्यात भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत आणि हळूहळू कमरेसारखं वळण देत. त्या वेळी ते श्वास धरत आणि मीही धरत असे. पुढची पाटी स्प्रूस नावाच्या लाकडाची, तिला आतून पंख्याच्या काड्यांसारखे बारीक टेकू. चिकटवायला सरस. तो काका बाळाच्या दुधाची बाटली गरम करायच्या भांड्यात तापवत. सरस कशाचा असतो ते त्यांनी मला बरेच दिवस सांगितलं नाही. मी शाकाहारी म्हणून. मला ते आधीच माहीत होतं, पण त्यांना वाईट वाटेल म्हणून मीही बोलले नाही. शेवटी लाखेचं पॉलिश, कापसाच्या बोळ्यानं, दिवसचे दिवस. तारांखाली प्लास्टिकचा एक पातळ पारदर्शक तुकडा, कारण वाजवणारा मधेमधे बोटांनी पेटीवरच ठोका मारतो. तारा इतक्या खाली की वाजताना किंचित फरफरल्या पाहिजेत.

"फरफर म्हणजे खराबी नाही का?" मी एकदा विचारलं. मी आपणहून विचारलेला तो पहिलाच प्रश्न असावा, कारण त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"शहाण्या माणसाच्या गिटारीत खराबी," ते म्हणाले. "हिच्यात तिखट."

मग त्यांना माझा एक उपयोग सापडला. ते दोन पाट्या कानाजवळ धरून टिचक्या मारत आणि विचारत, "ताई, कुठली चांगली?" मी बोट दाखवायची. आमच्या घरासमोर देऊळ होतं, घंटेचा नाद संपेपर्यंत हात जोडून उभं राहायचं अशी आमची सवय. मला जो आवाज लांबत जाई तोच गोड वाटायचा. मी बोट दाखवलं की काका ती पाटी बाजूला ठेवत आणि दुसरी घेत.

"तुम्हाला आवडली ना? मग ही गेली."

हे काही दिवस चाललं. एकदा मी म्हटलं, "मग मला विचारता कशाला?"

"असा खात्रीनं चुकणारा कान मिळत नाही, ताई. माझा कान कधी चुकतो, कधी बरोबर. तुमचा भरवशाचा आहे."

घरी येऊन मुलाला सांगितलं तर तो सोफ्यावर लोळून हसला. "आई, तू क्वालिटी कंट्रोलला लागलीस!"

काकांच्या दिवाणखान्यात भिंतीवर गिटारी टांगलेल्या होत्या. त्यांना ते 'ब्यूटिफुल झालेल्या' म्हणत. फिनिक्समध्ये एका नाचाच्या शाळेत गिटार वाजवणारा एक माणूस होता. जन्म मेक्सिकोचा, दिवसा पावाची गाडी चालवायचा, आणि वाजवायच्या हाताची नखं मोडू नयेत म्हणून त्यांना सुपरग्लू लावायचा. काकांची गिटार पुरी झाली की ते त्याला बोलवत. तो येताना पाव आणायचा, हात धुवायचा, गिटार मांडीवर घेऊन थोडं वाजवायचा, मग ती दोन्ही हातांनी काकांना परत द्यायचा आणि म्हणायचा, "ब्यूटिफुल."

तो गेला की काका भिंतीत खिळा ठोकत.

"ब्यूटिफुल म्हणजे चांगलं ना?" मी विचारलं.

"ब्यूटिफुल म्हणजे नको. आवडली असती तर तो बोलला नसता, वाजवत राहिला असता." पाव मात्र फार चांगला असायचा. मी तो दुधात कुस्करून नातीला द्यायची.

त्या वर्षीच्या जूनमध्ये मी साडी उलटायला गेले, तर काका गॅरेजमध्ये जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले. चेहरा लाल, अंगाला घाम नाही. रंधा छातीशी धरलेला. मी ओली साडीच त्यांच्या डोक्यावर टाकली आणि मुलाला फोन लावला. काका डोळे न उघडता म्हणाले, "पाटी खाली नाही ना पडली?"

हॉस्पिटलमधून दुसऱ्याच दिवशी सोडलं. पण पिस्कॅटवेहून मुलगी आली. ती विमा कंपनीत होती, कुठल्या गोष्टीत किती धोका आहे ते काढायचं तिचं काम. मी पोळ्या करून नेल्या तेव्हा बापलेकीचं जुंपलेलं होतं.

"बाबा, तुम्ही एसी बंद केलात? या उन्हात? गॅरेजमध्ये?"

"फार आवाज करतो गं तो."

"आणि तुम्ही धप्पकन पडाल तो आवाज कोण ऐकेल?"

"या ताईंनी ऐकला."

"मावशी साडी उलटायला आल्या म्हणून! बाबा, सीरियसली. तुमचं आयुष्य साडी कधी वाळते त्याच्यावर चाललंय." मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "सॉरी मावशी. तुम्हाला नाही म्हणत. तुमच्यामुळंच वाचले."

तिनं आपलं म्हणणं सांगितलं. घरांचे भाव चढलेले आहेत, एजंट रोज दारावर चिठ्ठ्या लावून जातात. घर विकून टाकायचं आणि बाबांनी तिच्याकडं येऊन राहायचं. तिच्या घरात गॅरेज आहे, पण त्यात दोन गाड्या असतात.

काकांनी टेबलाच्या कडेवरून बोटं फिरवली. मग म्हणाले, "एक गिटार अर्धी झालीय. ती पुरी करू दे. त्या वाजवणाऱ्यानं ठेवून घेतली तर मी इथंच राहणार. ब्यूटिफुल म्हणाला तर तू म्हणशील त्या दिवशी येतो."

"आत्तापर्यंत किती वेळा म्हणालाय?"

"प्रत्येक वेळी."

ती हसली, पण रडल्यासारखी. "मग ठीक आहे. डन."

ती आपण जिंकलोच असं समजून परत गेली. जाताना तिनं माझ्या मुलाकडून कबूल करून घेतलं की काकांना गाडी चालवू द्यायची नाही, आणि माझ्याकडून, की एसी चालू आहे की नाही ते मी बघायचं. घर विकलं गेलं असतं तर आम्हालाही दुसरी जागा बघावी लागली असती. पण माझ्या डोळ्यांसमोर सारखं एकच यायचं, काका पिस्कॅटवेला मुलीच्या घरी बसलेत आणि टकटक करायला गालिच्याशिवाय काही नाही.

काम मात्र पुढं सरकेना. काका पुढची पाटी पातळ करायला घेत, जरा रंधा मारत, जाडी मोजत, आणि थांबत. वाकवून बघत, पुन्हा थांबत. ते सांगायचे, इंजिनिअर लोक प्रत्येक गोष्ट लागते त्यापेक्षा जरा जाड, जरा भक्कम ठेवतात, म्हणजे वेळप्रसंगी मोडत नाही. त्याला ते सेफ्टी म्हणत. तारांचा ताण मोठा असतो, पाटी फार पातळ झाली तर तारा ओढताच फुगून फाटेल. "जरा सेफ्टी असू दे," असं पुटपुटत ते रंधा बाजूला ठेवत. भिंतीवरच्या सगळ्या ब्यूटिफुल गिटारी अशाच जराजरा भक्कम झालेल्या होत्या. हे त्यांनाही कळत होतं, पण हात धजत नव्हता.

एक दिवस मी तिथं असतानाच मुलीचा फोन आला. हातात ब्रश होता म्हणून काकांनी स्पीकर लावला. ती उत्साहानं सांगत होती, खालच्या मजल्यावरची खोली तयार केलीय, पायऱ्या नकोत म्हणून. बाथरूममध्ये धरायला दांडे लावलेत, भिंतीला, टबला, कमोडच्या दोन्ही बाजूंना. खाली रबराची चटई. टेबलाच्या कोपऱ्यांना गोल रबर. काका हो हो म्हणत होते. फोन ठेवला.

"इतके दांडे लावलेत," ते मला म्हणाले, "की पडायचं म्हटलं तरी पडता येणार नाही."

मी म्हटलं, "काळजीपोटी करतेय."

"हो. काळजीपोटीच." मग त्यांची नजर समोरच्या पाटीवर गेली. आतले टेकू चिकटवून झाले होते, गुबगुबीत, एकाशेजारी एक. काका एकदम हसायला लागले. इतके हसले की मी घाबरून एसीकडं बघितलं. तो चालू होता.

"ताई, मी हिला काय केलंय बघा. कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे!"

त्यांनी छिन्नी घेतली आणि टेकू तासायला सुरुवात केली. कडेकडेला नाहीसे होईपर्यंत. मग पाटी वरून तासली. मोजायचं यंत्र ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर पायानं लोटला. पाटी उजेडासमोर धरली तेव्हा पलीकडून त्यांच्या बोटांच्या सावल्या दिसत होत्या. मी साडी हातात घेऊन तशीच उभी. संध्याकाळी जमिनीवर मऊ पांढऱ्या ढलप्यांचा ढीग झाला होता.

तारा चढवायच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. मुलगा घरी होता, तोही आला. या गिटारीला तारा ताणायला लोखंडी किल्ल्या नसतात, लाकडाच्या खुंट्या असतात. काका एक खुंटी जराशी पिळत, थांबत, पाटीवर तळवा ठेवत. मधेच 'कर्रर्र' झालं. काकांनी डोळे मिटून घेतले.

"फाटली?" मुलानं विचारलं.

"बघ तू. मी नाही बघत."

मुलानं वाकून, फिरवून बघितलं. "काही नाही काका. खुंटी कुरकुरली."

तारा पाटीवर जिथं बांधतात त्या पुलाच्या मागं पाटी जराशी उचलली गेली होती, पोट भरल्यावर उचलतं तेवढी. तिथंच थांबली. काकांनी अंगठा सगळ्या तारांवरून फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

मला तो आवाज अजिबात आवडला नाही. फळीवर मूठभर शेंगा आपटल्यासारखा. लागला, आणि काही उरलंच नाही. त्यांचं मन कसं राखावं ते सुचेना, म्हणून मी म्हटलं, "जरा कोरडा आहे."

"नीट सांगा. आवडला?"

"नाही," मी म्हटलं.

काकांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस? आई नाही म्हणाली!"

या वेळी त्यांनी वाजवणाऱ्याला घरी बोलावलं नाही. गिटार घेऊन आपणच नाचाच्या शाळेत जायचं ठरवलं, कारण खरी परीक्षा टाचांसमोर. रविवारी मुलगा गाडी घेऊन निघाला, काका पुढं, गिटार ठेवायची पेटी त्यांच्या मांडीवर. मी जाणार नव्हते, अनोळखी लोकांत मला कसंतरीच होतं. पण काका म्हणाले, "भरवशाचा कान पाहिजे." मग नातीला सुनेकडं ठेवून मी गेले.

शाळा म्हणजे एक लांबट खोली, एका भिंतीला आरसे, खाली लाकडाची जमीन. दहा-पंधरा बायका, काही माझ्याएवढ्या, काही माझ्याहून जाड. जाड बायकांना नाचताना मी पहिल्यांदाच बघितलं. वाजवणाऱ्यानं पेटी उघडली, गिटार उचलली, आणि हात हवेतच थांबला. ती त्याला वाटली त्याहून हलकी होती. त्यानं भुवया उंचावल्या. काही बोलला नाही. खुर्चीवर बसला, पाय ठोकून इशारा केला, आणि नाच सुरू झाला.

टाचांचा तो आवाज मी कसा सांगू? खोली हादरत होती. मला वाटलं, आता गिटार कुठली ऐकू येतेय. आणि त्या दणदणाटातून ती आली. प्रत्येक दोन टाचांच्या मधली जागा शोधून, बरोबर तिथं पडत होती आणि टाचेला वाट सोडत होती. तो मधेच नखांनी पेटीवर ठोके मारी, तेही टाचांत मिसळून जात. एका जाड बाईनं मान वर केली, आणि ती आतापर्यंत नाचत नव्हती अशी नाचायला लागली. माझे पाय चपलेत हलायला लागले.

मग मला एकदम धसका बसला. मला आवडत होतं! माझा कान खात्रीनं चुकणारा. मला आवडलं म्हणजे ही गेली, आणि ही गेली म्हणजे घर गेलं. काकांनी माझ्याकडं वळून बघितलं. मी चेहरा शक्य तितका दगडासारखा केला आणि छताकडं बघू लागले.

गाणं संपलं. बायका धापा टाकत होत्या. मी त्या माणसाच्या तोंडाकडं बघत होते. ब्यूटिफुल हा एकच इंग्रजी शब्द मला लांबूनसुद्धा ओळखता आला असता. त्यानं तोंड उघडलं. बायकांना काहीतरी स्पॅनिशमध्ये सांगितलं, पुन्हा पाय ठोकला, आणि दुसरं सुरू केलं. मग तिसरं. काका भिंतीला टेकून उभे होते, हात छातीशी घट्ट बांधलेले.

क्लास संपला तरी तो उठला नाही. बायका पर्सा घेऊन निघाल्या, तो एकटाच वाजवत बसला, मान खाली घालून. शेवटी घड्याळ बघून दचकला. त्याला कुठल्याशा हॉटेलात कार्यक्रमाला जायचं होतं. गिटार तशीच बगलेत मारून तो दाराकडं धावला. दारातून त्यानं मागं वळून काकांना काहीतरी विचारलं, काकांनी मान हलवली, आणि तो गेला. बाहेर पावाची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"काय म्हणाला?" मी मुलाला विचारलं.

"विचारलं, दुसऱ्या तारेची खुंटी जरा घट्ट करून द्याल का, पुढच्या आठवड्यात. आज वेळ नाही म्हणाला."

त्याची स्वतःची जुनी गिटार कोपऱ्यात राहिली होती. काकांची पेटी खुर्चीवर उघडी पडली होती, आत नुसती लाल मखमल.

काकांनी ती पेटी बंद केली, दोन्ही कड्या लावल्या, आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले. गाडी हायवेला लागली. मग त्यांनी मुलाकडून मोबाइल मागून घेतला आणि पिस्कॅटवेला फोन लावला.

"अगं, मी. हो, एसीत आहे. गाडीत." मग थोडं थांबून, "पेटी रिकामीच घेऊन चाललोय."

मग तिचा आवाज आला, मोठ्यानं, मला मागच्या सीटवर ऐकू येईल इतका. "बाबा, मग ख्रिसमसला मी तिकडं येते. पण एसी बंद दिसला ना, तर मी तुमच्यावर केस करीन!"

"ये. दांडे घेऊन नको येऊ."

त्यांनी फोन परत दिला, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. नंतर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या एक्झिटला घे रे. तिथं लाकडाचं दुकान आहे."

"काका, आज रविवार. ते बंद असेल."

"असू दे की," काका म्हणाले. "काचेतून बघून येऊ."